विरळणी

म्हसरूळची शाळा, सातवी ब, चौथा तास.
खिडकीत चामरलेण्याच्या डोंगराचा एक तुकडा,
पुस्तकात पान त्रेसष्ट: मातीची धूप.
मी म्हटलं, वाचा, आणि महत्त्वाचं तेवढंच वहीत घ्या.

तास संपताना टेबलावर वह्यांचा ढीग
आणि वहीवहीत पान त्रेसष्ट, जसंच्या तसं,
स्वल्पविरामासकट,
'आकृती पाहा'सकट.
आकृती कुणीच पाहिली नव्हती.

दर्शील खैरनारने तर पुस्तकालाच हळद लावलेली,
हायलायटर कोरडा पडेपर्यंत.
"अरे, सगळंच?"
"बाई, महत्त्वाचं नसतं तर छापलं कशाला असतं?"
वर्ग खूश. मी गप्प.
डी.एड.ला याचं उत्तर शिकवलं असेलही,
मी तेव्हा मान खाली घालून
फळा उतरवून घेत असेन.

ढिगातली शेवटची वही सुगंधा भोयेची.
दिवाळीनंतर आलेली, पेठकडची.
आईबाप मखमलाबादच्या बागेत कामाला,
मार्चात द्राक्षं गेली की हीही जाणार,
म्हणून हजेरीपटात नाव तळाशी, पेन्सिलने.
वाचताना ओठ हलतात. बोट ओळीखाली.
जोडाक्षर आलं की थांबते,
ओढा ओलांडताना दगड हलतो का
पायाने चाचपावं, तशी.

तिच्या वहीत एवढंच:
उतार. झाड नाही. पाणी पळतं.
मग एक बाण, वाकडा,
धरणात उतरलेला.
आणि समासात, बारीक अक्षरात:
गाळ कोण काढतं?

मी लाल पेनाने लिहिलं, अपूर्ण.

मधल्या सुट्टीत विचारलं, बाकीचं कुठंय गं?
"काढलं."
काढलं म्हणजे?
तिने दोन बोटांची कात्री करून दाखवली.
"आई घडातले मणी काढते ना, तसं.
दाटी ठेवली तर एकबी फुगत नाही."
आणि कोणता काढायचा, ते कसं कळतं?
माझ्याकडे तिने असं पाहिलं
की एवढंही बाईंना ठाऊक नाही.
"आधी घड फिरवून बघायचा. सगळा.
मग कात्री."

दुसऱ्या दिवशी मी पेनं गोळा केली.
नुसतं वाचा. पुन्हा वाचा. आता पुस्तक मिटा,
शेजारच्याला सांगा काय कळलं ते,
आणि सांगताना जे आठवलं, तेच लिहा.
गोंगाट एवढा की आठवी अ-च्या सरांनी
दारातून डोकावून पाहिलं.
दर्शीलचा हात रिकामा राहीना,
त्याने बाकावर ताल धरला.
अल्फिया इतकी छाटत गेली
की वहीत उरला एकच शब्द, 'माती'.
"बाई, एकच मणी राहिला!"
पहिले काही दिवस असेच,
कुणाचा घड बोडका, कुणाचा गच्च.

मग केंद्रप्रमुख आले. वह्या चाळल्या.
"पानं अर्धी रिकामी दिसतात, मॅडम."
म्हटलं, सर, दाटी काढलीय.
त्यांनी मान हलवली
आणि माझं वाक्य रजिस्टरात
जसंच्या तसं उतरवून घेतलं.

काल दर्शीलने आपण होऊन
समासात पहिला प्रश्न लिहिला.
प्रश्न चुकीचा होता. मी काही बोलले नाही.
हजेरीपटातलं पेन्सिलीचं नाव
मी शाईने गिरवलं.
मार्चला अजून सात आठवडे आहेत.

त्या लाल शब्दाचं काय करायचं, सुचत नाही.
खोडला तर कागद फाटेल.
आणि गंगापूर धरणातला गाळ कोण काढतं,
मला अजूनही माहीत नाही.
फळ्याच्या कोपऱ्यात चौकट आखून
प्रश्न तसाच ठेवलाय,
खाली लिहिलंय:
पुसू नये.